जीएसटी नंबर तपासणारे सॉफ्टवेअर आणि आपले नवउद्योजक

आमच्या परिचयातील एक तरुण इलेक्ट्रिकल कामांची छोटी कंत्राटे घेतो. आयटीआय झालेला, घरात धंदा करणारा तो पहिलाच. एका मोठ्या कंपनीत त्याने वायरिंगचे काम वेळेत पूर्ण केले, बिल दिले. दीड महिना झाला तरी पैसे जमा होईनात. चौकशीला गेला तेव्हा अकाउंट्स विभागातून एकच उत्तर मिळाले: "तुमचा नंबर सिस्टीमने अडवलाय."

कोणता नंबर? जीएसटीचा. कोणी अडवला? कोणा माणसाने नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरने सगळ्या पुरवठादारांचे जीएसटी नंबर आपोआप तपासले, याच्या नंबरासमोर 'सस्पेंडेड' असे आले आणि बिल थांबले. कारण शोधले तर साधेच निघाले. मधले काही महिने काम नव्हते. काम नाही तर रिटर्न भरायचे नसते, असा त्याचा समज. नोंदणी करताना अर्जात मोबाइल आणि ईमेल दिला होता तो आधीच्या अकाउंटंटचा. त्यामुळे रिटर्न थकल्याच्या सूचना गेल्या त्या अकाउंटंटकडे, आणि त्याने तर काम केव्हाच सोडले होते.

या तरुणाचे पैसे शेवटी मिळाले, पण त्यासाठी थकलेले रिटर्न, विलंब शुल्क आणि मजुरांची उधारी असा तिहेरी भार त्याने सोसला. आम्ही हा प्रसंग सांगतो आहोत तो त्याची कीव करण्यासाठी नाही. गेल्या काही वर्षांत बाजाराच्या दारावर एक नवा पहारेकरी बसला आहे आणि आपल्यातील बहुतेकांना त्याची ओळखही नाही, हे आम्हाला सांगायचे आहे.

चर्चा दरांची झाली, नंबराची नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मुख्यतः ५ आणि १८ टक्के असे दोन टप्पे राहिले, काही निवडक वस्तूंसाठी ४० टक्के. काय स्वस्त, काय महाग, यावर वाहिन्यांनी भरपूर चर्चा केली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२५ पासून नोंदणीची नवी सोपी पद्धत आली. नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरील कर महिन्याला अडीच लाखांपेक्षा जास्त होणार नाही असे जे सांगतील, त्यांना आधार पडताळणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळू शकतो. नव्याने धंद्यात येणाऱ्यांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण नंबर मिळणे सोपे झाले म्हणून तो टिकवणे सोपे झालेले नाही. आणि नंबर जितक्या वेगाने वाटले जातील तितक्या वेगाने ते तपासलेही जातील.

मालावर चाळीस लाखांपर्यंत आणि सेवेवर वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असेल तर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. मग लहान माणसाला याची काळजी कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर असे की कंपनीला, कंत्राटदाराला किंवा सरकारी खात्याला माल द्यायचा तर ते नंबर मागतातच. टपरीपुरते राहायचे असेल तर नंबर लागत नाही, पण टपरीतून बाहेर पडायचे म्हटले की लागतो.

पंधरा अक्षरांत काय असते

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, गुजरातचा २४, कर्नाटकाचा २९. पुढची दहा अक्षरे म्हणजे धंद्याचा पॅन. तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी आहे ते सांगते. चौदावे सर्वसाधारण करदात्यासाठी 'झेड' असते. पंधरावे असते तपासणीचे अक्षर.

हे पंधरावे अक्षर कोणी मनाने देत नाही, ते हिशोबातून निघते. आधीच्या चौदा अक्षरांना किंमत दिली जाते. अंकांची किंमत तो अंकच, 'ए'ची १०, 'बी'ची ११, असे करत 'झेड'ची ३५. पहिल्या अक्षराची किंमत एकने गुणायची, दुसऱ्याची दोनने, तिसऱ्याची पुन्हा एकने, चौथ्याची दोनने. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज करायची. चौदाही बेरजा एकत्र करून पुन्हा ३६ ने भागायचे आणि जी बाकी उरेल ती ३६ मधून वजा करायची. येणाऱ्या आकड्याचे अक्षर म्हणजे पंधरावे अक्षर. वजाबाकी ३६ च आली तर शून्य. संगणकशास्त्र शिकणारा आपला कोणताही विद्यार्थी हे एका संध्याकाळी लिहू शकेल, आणि एक्सेलमध्येही ते जमते.

मात्र हे जमल्याने काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. बाजारात मिळणारी स्वयंचलित साधने तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तपासणी करतात आणि लोक तिघींना एकच समजतात.

पहिली पातळी रचनेची. पंधरा अक्षरे आहेत का, अंकांच्या जागी अंक आणि अक्षरांच्या जागी अक्षरे आहेत का, पंधरावे अक्षर जुळते का. यातून टायपिंगची चूक सापडते. शून्याच्या जागी 'ओ' किंवा एकच्या जागी 'आय' पडले असेल तर लगेच कळते. पण ज्याला फसवायचेच आहे तो हिशोब करून बरोबर दिसणारा नंबर बनवू शकतो किंवा दुसऱ्याच कोणाचा खरा नंबर आपल्या बिलावर छापू शकतो. त्यामुळे रचना बरोबर असली तरी धंदा खरा आहे असे सिद्ध होत नाही.

दुसरी पातळी नोंदीची. जीएसटीच्या अधिकृत पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' ही सोय आहे. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नंबर आणि कॅप्चा भरला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, धंद्याचा प्रकार, नियमित करदाता की कंपोझिशन योजनेतला, आणि नोंदणी चालू, स्थगित की रद्द, हे सारे दिसते. रिटर्न भरल्याच्या तारखाही दिसतात. सामान्य माणसाला इथे एकेक नंबर टाकावा लागतो. मोठ्या कंपन्या मात्र मान्यताप्राप्त जीएसटी सुविधा पुरवठादारांमार्फत आपले सॉफ्टवेअर जोडून घेतात आणि हजारो नंबरांची यादी एका झटक्यात तपासतात.

तिसरी पातळी व्यवहाराची. पुरवठादाराने आपले बिल खरोखर सरकारकडे दाखवले का, आणि ते खरेदीदाराच्या दरमहा तयार होणाऱ्या 'जीएसटीआर-२बी' या विवरणात आले का. पैशाचा खरा प्रश्न इथे आहे.

दुसऱ्याच्या चुकीची किंमत

एक साधा हिशोब मांडू. समजा, आपल्या कंत्राटदाराने दोन लाखांची वायर घेतली. त्यावर १८ टक्के म्हणजे ३६,००० रुपये कर त्याने दुकानदाराला दिला. काम पूर्ण करून त्याने कंपनीला तीन लाखांचे बिल लावले, त्यावर कर ५४,०००. खरेदीवर दिलेल्या ३६,००० ची वजावट घेऊन तो सरकारला १८,००० भरतो. ही वजावट म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, आणि सारा जीएसटी याच वजावटीवर उभा आहे.

आता तो दुकानदार बोगस निघाला किंवा त्याने कर भरलाच नाही, तर? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार वजावटीसाठी कर सरकारकडे प्रत्यक्ष जमा झालेला असावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून आणखी एक अट आली: पुरवठादाराने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेले असले पाहिजे. त्यानंतर नियम ३७अ आला. पुरवठादाराने बिल दाखवले, पण आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत कर भरण्याचे रिटर्न दिले नाही, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत आपली वजावट परत करायची. दुकानदाराने पुढे कर भरला तर ती पुन्हा घेता येते.

म्हणजे आपल्या तरुणाने ३६,००० दुकानदाराला दिलेलेच आहेत, ते पुन्हा सरकारलाही द्यायचे. नोटीस दोन वर्षांनी आली तर वार्षिक १८ टक्के दराने व्याज १२,९६० रुपये. एकूण ४८,९६०, दंड वेगळा. मजुरी वजा जाता त्या कामात त्याला पन्नास हजार सुटले असतील तर सारी कमाई गेली.

न्यायालयांनी या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलून ठेवले आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील इकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या प्रकरणात, जुन्या व्हॅट कायद्याखाली का होईना, स्पष्ट केले की व्यवहार खरा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी वजावट मागणाऱ्या खरेदीदाराची आहे, आणि त्यासाठी नुसते बिल आणि धनादेश पुरेसे नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात सांगितले की विभागाने आधी पुरवठादारावर कारवाई करावी, अपवादात्मक परिस्थिती वगळता थेट खरेदीदाराच्या मागे लागू नये. दुसरा निकाल दिलासा देणारा आहे. पण उच्च न्यायालयात जाण्याचा खर्च ३६,००० पेक्षा किती तरी जास्त असतो, हे लहान माणसाला कोणी सांगायला नको.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की नंबर तपासणे ही मोठ्या कंपनीची चैन नव्हे, ती लहान धंदेवाल्याची गरज आहे. मोठी कंपनी ३६,००० चा फटका सहन करते, आपला माणूस त्यात बुडतो. तपासणीची सर्वात जास्त गरज ज्याला आहे त्याच्याकडेच आज साधन नाही.

आपल्या नावावर कोणाचा धंदा?

या तपासणीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बोगस नोंदण्या कोणाच्या नावावर होतात?

केंद्र आणि राज्यांच्या करखात्यांनी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बोगस नोंदण्यांविरुद्ध देशभर मोहीम राबवली. २१,७९१ नोंदण्यांच्या मागे प्रत्यक्षात कोणताही धंदा आढळला नाही आणि २४,०१० कोटी रुपयांच्या करचोरीचा संशय नोंदवला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये नोएडा पोलिसांनी दुसऱ्यांच्या पॅनच्या आधारे अडीच हजारांहून अधिक बनावट कंपन्या उभ्या करणारी टोळी पकडली. त्याआधी गुजरातमधील पालिताणा येथे वेगळाच प्रकार समोर आला होता. सरकारी योजनेचा लाभ मिळेल असे सांगून गरीब लोकांना आधार केंद्रावर नेले, त्यांच्या आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बदलला आणि त्या कागदांवर जीएसटी नोंदण्या काढल्या.

योजनेच्या नावाखाली आधार आणि पॅनच्या झेरॉक्स देणे, सही करणे, बोट लावणे, ओटीपी सांगणे, हे आपल्या वस्त्यांत रोजचे आहे. शिष्यवृत्ती, घरकुल, कर्ज, नोकरीची मुलाखत, प्रत्येक ठिकाणी कागद द्यावेच लागतात. ते पुढे कुठे जातात, कोणी विचारत नाही. ज्याच्या नावावर बोगस कंपनी निघते त्याला ती कळते तेव्हा लाखोंची नोटीस दारात आलेली असते.

काही जण जाणूनबुजूनही नाव देतात. "फक्त सही कर, महिन्याला पाच हजार देतो" असे सांगणारे भेटतात. बेरोजगार पोराला ते मोफत पैसे वाटतात. पण पाच कोटींहून अधिक कराची चोरी असलेल्या बोगस बिलांत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कागदावर मालक तोच पोरगा असतो. पंचशील आणि सम्यक आजीविका आपण विहारात म्हणतो. नाव भाड्याने देणे त्यात बसत नाही, हे तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे.

याच्याच जोडीला एक जुना प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्रात ही ओळख मिळाली, म्हणून हा वाटा आपलाही आहे. तो मिळवायचा तर उद्यम नोंदणी, पॅन आणि जीएसटी नंबर यांची साखळी अखंड लागते. आपल्या मुलाच्या नावाची कंपनी, आणि बँक खाते, लॉगिन, नफा मात्र दुसऱ्याच्या हाती, असा व्यवहार म्हणजे आपल्या हक्काची चोरीच आहे. अशा ठिकाणी प्रश्न एकच विचारावा: जीएसटी पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे?

यंत्राला जात कळत नाही, पण

आमच्यातील काही मित्रांचे म्हणणे असे की ही यंत्रे आपल्या फायद्याची आहेत. त्यात तथ्य आहे. बाजारात उधारी आणि ऑर्डर आजवर ओळखीवर, नात्यावर, म्हणजे शेवटी जातीवर मिळत आली. "कोणाचा पोरगा?" हा प्रश्न विचारूनच माल दिला जातो. त्या जागी "नंबर चालू आहे का, रिटर्न वेळेवर आहेत का?" असा प्रश्न आला तर आपल्या तरुणाला निदान स्वतःच्या वागणुकीवर उत्तर देता येते. वडिलांचे नाव सांगावे लागत नाही.

पण नंबर टाकल्यावर पडद्यावर जे कायदेशीर नाव येते, त्यात आडनाव असते. एकमालकी धंद्यात व्यापारी नाव काहीही ठेवा, आडनाव दिसतेच. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून प्रतिसाद कमी मिळाला. यंत्र आडनाव वाचत नसेल, पण यंत्राचा निकाल वाचणारा माणूस वाचतो. एकाच प्रकारच्या चुकीसाठी एका पुरवठादाराला "रिटर्न भरून टाका हो" असा फोन जातो आणि दुसऱ्याचे बिल न सांगता थांबते, असे होत असेल तर त्याची नोंद कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये राहत नाही.

शिवाय यंत्रेही चुकतात. रचना तपासणारी अनेक साधने मधली दहा अक्षरे पॅनच्याच साच्यात असतील असे गृहीत धरतात. पण कराची कपात करणाऱ्या सरकारी कार्यालयांचे नंबर पॅनऐवजी टॅनवर बेतलेले असू शकतात आणि त्यांचे चौदावे अक्षर 'डी' असते. अडीच लाखांवरील कंत्राटात ही कार्यालये २ टक्के जीएसटी कापतात. अर्धवट साधनाने असा नंबर तपासला तर खरे सरकारी कार्यालयच बोगस ठरते. राज्यांची जुनी यादी वापरणारे साधन लडाखचा ३८ नाकारू शकते. मालक वारला, एकमालकीची भागीदारी झाली, किंवा धंदा दुसऱ्या राज्यात गेला, तर नंबर बदलतो. जुना नंबर 'रद्द' दिसतो तो फसवणुकीमुळे नव्हे.

आणखी एक. साधनातील माहिती कधीची आहे? आमच्या त्या तरुणाने थकलेले रिटर्न भरले आणि नियमाप्रमाणे स्थगिती उठली. पोर्टलवर नंबर 'चालू' झाला. तरी कंपनीच्या यादीत तो पुढचे काही आठवडे 'सस्पेंडेड' राहिला, कारण यादी पुन्हा तपासलीच नव्हती.

सुनावणीशिवाय शिक्षा नको

जीएसटी कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंदणी रद्द करता येणार नाही. सरकारवर हे बंधन आहे. खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मात्र असे कोणतेही बंधन नाही. ते एका रात्रीत पुरवठादाराला यादीतून काढते आणि त्याला कळवतही नाही. स्थगित नंबरावर करपात्र बिल देता येत नाही, त्यामुळे कंपनीने पैसे थांबवणे समजू शकते. पण का थांबवले हे न सांगणे समजू शकत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, अनेक नंबरांची यादी एकत्र तपासण्याची सोय पोर्टलवर लहान करदात्यांना मोफत मिळावी आणि तपासणीचा तारीख-वेळेसह दाखला उतरवून घेता यावा. खरेदीच्या दिवशी नंबर चालू होता याचा पुरावा हाती असावा.

दोन, खरेदीच्या दिवशी नंबर चालू होता, माल आला, पैसे बँकेतून गेले, एवढे सिद्ध करणाऱ्या लहान खरेदीदाराची वजावट पुरवठादाराची नोंदणी मागील तारखेपासून रद्द झाली म्हणून काढून घेऊ नये. आधी पुरवठादाराकडून वसुली करावी.

तीन, स्थगितीची सूचना मराठीत आणि मालकाच्या स्वतःच्या मोबाइलवर यावी.

चार, कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रमांनी नंबर अडवण्यापूर्वी पुरवठादाराला कारण कळवून किमान सात दिवसांची मुदत द्यावी. ४ टक्के खरेदीचा हिशोब देताना किती अनुसूचित जाती-जमातींच्या पुरवठादारांची बिले अशा तपासणीत अडकली, हेही सांगावे.

विहारात एक टेबल

मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. बरेच काही आजच करता येते.

प्रत्येक तरुणाने पोर्टलवर 'सर्च बाय पॅन' मध्ये आपला पॅन टाकून पाहावा. आपण न काढलेली नोंदणी दिसली तर तिथेच तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तक्रार करावी आणि पोलिसांनाही लेखी कळवावे. आईवडिलांचे पॅनही तपासावेत, कारण योजनांसाठी सर्वात जास्त कागद त्यांनीच दिलेले असतात.

ज्यांची नोंदणी आहे त्यांनी महिन्यातून एकदा स्वतःचा नंबर अनोळखी माणसाच्या नजरेने तपासावा. पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल स्वतःचा करून घ्यावा. अकाउंटंट ठेवा, पण पासवर्ड आपल्याकडे ठेवा. काम नसले तरी शून्य रिटर्न भरावेच लागते. ते १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करूनही भरता येते. विसरले तर दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क वाढत जाते.

खरेदी करताना बिलावरचा नंबर तपासा आणि पडद्याचा फोटो तारखेसह जपा. नाव जुळते का पाहा. 'कंपोझिशन' करदाता असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. घेत असेल तर तिथेच विचारा. हिरवी खूण दिसली म्हणून बाकी कागद फेकू नका. माल आल्याची पावती, वाहतुकीचे कागद आणि बँकेतून दिलेले पैसे हाच शेवटी पुरावा असतो.

आणि एक सावधगिरी. नंबर तपासण्यासाठी लॉगिन, पासवर्ड किंवा ओटीपी कधीच लागत नाही. एखादे फुकट ॲप ते मागत असेल तर ते तुमचा नंबर तपासत नसून तुमचा नंबर पळवत आहे.

जयंती उत्सव समित्यांच्या खजिनदारांनीही हे शिकावे. मंडप, ध्वनी, छपाई यांची बिले जीएसटीसह येतात. वर्गणी लोकांच्या घामाची असते. रद्द झालेल्या नंबरावर कर आकारणारा तो कर सरकारला भरत नाही, स्वतःच्या खिशात घालतो. हिशोबाच्या बैठकीत बिलासोबत नंबराची तपासणीही ठेवली तर समितीवरचा विश्वास वाढेल.

आमची कार्यकर्त्यांना सूचना आहे की महिन्यातील एका रविवारी विहारात एक टेबल मांडावे. एक लॅपटॉप, कॉमर्स शिकणारे दोन विद्यार्थी, संगणक शिकणारा एक, आणि मार्गदर्शनासाठी समाजातील एखादा कर सल्लागार. पॅन तपासणे, शून्य रिटर्न, मोबाइल बदलणे, पुरवठादारांची यादी तपासणे, एवढीच कामे करायची. कोणाचे कागद ठेवून घ्यायचे नाहीत, कोणाचा पासवर्ड लिहून घ्यायचा नाही. संगणकाच्या विद्यार्थ्याने वर सांगितलेला रचना तपासण्याचा हिशोब लिहून त्या लॅपटॉपवर ठेवला तर टायपिंगच्या निम्म्या चुका तिथेच सापडतील.

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर कोण गोळा करतो, तो कोणाकडे जातो आणि त्याचे ओझे कोणावर पडते, या प्रश्नांचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने कराचा विषय "ते सीए बघेल" म्हणून सोडून देणे शोभत नाही.

आमच्या परिचयातील तो तरुण आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आधी स्वतःचा नंबर तपासतो, मग आपल्या चार पुरवठादारांचे. त्याला त्यासाठी दहा मिनिटे लागतात. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाचा नंबर स्थगित दिसला. त्याने बिल अडवले नाही. आधी फोन केला.